व्रत आणि बकरीचें दूध

शाकाहारांत देह पोसेल इतकीं प्रथिनें मिळतात काय, याची कसोटी गांधीजींनीं स्वतःवरच घेतली. गाईम्हशींच्या छळाची हकीकत वाचून १९१२ सालीं दक्षिण आफ्रिकेंत त्यांनीं दूध वर्ज्य केलें. १९१८ च्या आमांशानें शरीर पार खंगलें. निरोग्यास डाळभात पुरतो. आजाऱ्याच्या कोठ्यास डाळ कशी पेलावी? दुधावांचून अंग भरणार नाहीं, असें मुंबईस डॉक्टर दलालांनीं निक्षून सांगितलें. मग बकरीच्या दुधास हरकत कोणती, असें कस्तुरबांनीं विचारलें. गांधीजी नमले. व्रताचा शब्द राहिला, आत्मा गेला, ही टोंचणी त्यांनीं आत्मचरित्रांत लपविली नाहीं. दुधाइतकी पौष्टिक व पचनास हलकी वनस्पति कोणास ठाऊक असल्यास कळवावी, अशी विनंतीही केली. १९४२ सालीं पुण्यास आगाखान राजवाड्यांत स्थानबद्ध असतां आरोग्यावर लिहिलेल्या पुस्तकांतही त्यांनीं दूध प्राणिजच मानलें.