नाव एकाचे, मशीन दुसऱ्याचे

मुठेच्या डाव्या काठावरचे वारजे १९९७ मध्ये पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत आले आणि कात्रज-देहूरोड बाह्यवळण मार्गालगतच्या या शेतकरी गावाचे दोन-तीन दशकांत दाट उपनगर झाले. अशा उपनगराच्या बाजारात आज नामांकित स्विस घड्याळांच्या प्रतिकृती ‘फर्स्ट कॉपी’ म्हणून सहज मिळतात, आणि त्यांतल्या दोन नगांचा कस एकसारखा नसतो, हे त्या दुरुस्तीला घेणाऱ्या घड्याळजीला चांगले माहीत असते. या प्रतिकृतींतले दोष कारागिराच्या हलगर्जीपणातून येतात असे समजले जाते. परंतु पश्चिम भारतातील घड्याळ-व्यवसायाचा मागोवा घेतला तर त्यांचे मूळ वेगळ्याच ठिकाणी सापडते. ज्या वस्तूवर नाव एकाचे, सुटे भाग दुसऱ्याचे, जोडणी तिसऱ्याची आणि विक्री चौथ्याची असते, तिच्या कसाबद्दल जाब देणारा कोणीच उरत नाही.

घड्याळावरच्या नावाची चोरी मुळात युरोपातली आहे. इंग्लंडमध्ये १६९८ च्या कायद्याने निर्यातीच्या घड्याळावर कारागिराचे नाव व गाव कोरणे बंधनकारक केले, तरी अठराव्या शतकात लंडनच्या कारागिरांची नावे कोरलेली हलकी घड्याळे युरोपच्या मुख्य भूमीवर तयार होऊन विकली जात होतीच. ब्रिटिश अमलातील हिंदुस्थानात व्यापारी चिन्हांविषयीचा कायदा १८८९ मध्ये झाला, आणि त्याच सुमारास मुंबई ही स्विस घड्याळांची मोठी पेठ बनत होती. फावर-ल्यूबा या जुन्या स्विस घराण्याचा हिंदुस्थानाशी व्यापार १८६५ पासून सुरू झाला होता. वेस्ट एंड वॉच कंपनी १८८६ मध्ये खास या बाजारासाठी उभी राहिली आणि तिचे ‘सोवार’ घड्याळ फौजेत व रेल्वेत नावाजले गेले. मुंबईच्या पेठेतला माल पुण्याच्या लष्करात आणि पेठांत पोहोचत असे, आणि मालाबरोबर तो उघडून साफ करणारा, तेल देणारा, तुटलेला दातेरी भाग बदलणारा घड्याळजीही गावोगाव रुजला.

स्वातंत्र्यानंतर परकीय चलन वाचवण्यासाठी आयातीवर कडक बंधने आली आणि स्विस घड्याळ दुर्मीळ झाले, मात्र त्याची मागणी घटली नाही. महाराष्ट्रात लग्नात जावयाला घड्याळ देण्याची रीत होती, त्यामुळे ऐपत असो वा नसो, मनगटावर नावाजलेले घड्याळ हवे ही अपेक्षा शेतकरी कुटुंबापर्यंत गेली. परिणामी चोरटी आयात इतकी वाढली की १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याच्या कलम १२३ मध्ये सोन्याबरोबर घड्याळांचा नावानिशी उल्लेख करावा लागला. तस्करीच्या संशयावरून जप्त केलेला माल तस्करीचा नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी या कलमान्वये ज्याच्याकडे तो सापडला त्याच्यावर टाकलेली आहे. सरकारने दुसरा उपाय केला तो कारखान्याचा. हिंदुस्थान मशीन टूल्सने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळुरूला मनगटी घड्याळे बनवण्यास सुरुवात केली आणि एचएमटीचे ‘जनता’ घराघरांत पोहोचले. तरीही जुन्या स्विस घड्याळांना मान राहिला. ती बिघडली की नवे सुटे भाग मिळत नसत, म्हणून एका बंद पडलेल्या घड्याळाचे भाग दुसऱ्याला लावून ते चालू करणे हा घड्याळजीचा नित्याचा उद्योग झाला.

या उद्योगाकडे तुच्छतेने पाहणे अन्यायाचे होईल. बॅलन्स म्हणजे ठरावीक गतीने पुढेमागे झुलणारे चाक, आणि त्याला झुलवणारी केसासारखी बारीक कमान म्हणजे हेअरस्प्रिंग; ही जोडी दुसऱ्या मशीनमधून काढून अचूक बसवायला जो हात लागतो तो वर्षांच्या सरावाने तयार होतो, आणि टंचाईच्या त्या काळात अशा हातांनीच हजारो घड्याळे भंगारात जाण्यापासून वाचवली. (व्यवसायात ‘मशीन’ म्हणतात ते केसच्या आतल्या संपूर्ण यंत्रणेला.) प्रश्न निर्माण झाला तो दुरुस्तीची सीमा ओलांडली गेली तेव्हा. डागाळलेली तबकडी धुऊन तिच्यावर नवा रंग चढवणे आणि पुसलेले नाव पुन्हा छापणे इथवर मालकाच्या सांगण्यावरून केलेले काम होते. पुढे मुंबईत जुनी मशीन घाऊक गोळा करून, त्यांवर भडक निळ्या-केशरी तबकड्या व मिळतील ते काटे बसवून, मूळ घड्याळ म्हणून ती विकण्याचा स्वतंत्र धंदा उभा राहिला. जगभरचे संग्राहक अशा घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणून ओळखतात, आणि फावर-ल्यूबा, वेस्ट एंड, एचएमटी या सर्वांची नावे त्यांवर आढळतात.

या घड्याळांतले दोष बारकाईने पाहण्यासारखे आहेत, कारण पुढच्या काळातल्या परदेशी प्रतिकृतींचे दोषही त्याच कारणांनी घडतात. तबकडीच्या पाठीला दोन बारीक पाय असतात आणि ते मशीनच्या भोकांत बसल्याने तबकडी जागच्या जागी राहते; तबकडी दुसऱ्या मशीनची असेल तर पाय जुळत नाहीत, मग ते कापून तबकडी गोंदाने चिकटवली जाते, आणि काही महिन्यांत ती किंचित सरकून तारखेचा आकडा खिडकीच्या कडेला जातो. काट्यांची उंची जुळली नाही तर मिनिटकाटा तासकाट्याला घासतो व घड्याळ दिवसातून ठरावीक वेळी अडते. मशीन केसपेक्षा लहान असले की मधल्या जागेत प्लास्टिकचे कडे घालतात, त्यामुळे चावीची दांडी तिरकी बसते आणि चावी ओढताना हातात येते. मागच्या झाकणाखालचे रबरी कडे गाळले असेल तर पुण्याच्या पहिल्याच पावसाळ्यात काचेखाली दव धरते. यातला प्रत्येक दोष एका भागाची दुसऱ्याशी सोयरीक न जुळल्याचा आहे. सुटा घेतला तर भाग बहुधा चांगलाच असतो.

१९८७ मध्ये टायटनची घड्याळे बाजारात आली, स्वस्त क्वार्ट्‌झ म्हणजे सेलवर चालणारी घड्याळे सर्वत्र पसरली, आणि १९९१ नंतर आयातीची बंधने सैल होत गेली, तेव्हा टंचाई संपली. नावाची हौस मात्र वाढली. ती भागवायला चीनमध्ये जोडलेल्या प्रतिकृती आल्या. त्यांच्यात अनेकदा डीजी २८१३ हे मशीन असते, ज्याची रचना जपानी मियोटा ८२१५ च्या धर्तीवरची आहे. त्याचा ठोका तासाला २१,६०० असतो, म्हणजे सेकंदाला ६. रोलेक्सचे १९८८ पासूनचे ३१३५ हे मशीन तासाला २८,८०० म्हणजे सेकंदाला ८ ठोके देते, म्हणून तिथे सेकंदकाटा अधिक सलग सरकताना दिसतो आणि नकलेतला काटा जाणत्या नजरेला लगेच कळतो. यापेक्षा मोठा फरक तपासणीचा आहे. स्वित्झर्लंडच्या क्रोनोमीटर चाचणीत प्रत्येक मशीन अनेक दिवस वेगवेगळ्या स्थितींत व तापमानांत ठेवून त्याचा दैनिक फरक सरासरी उणे ४ ते अधिक ६ सेकंदांत असल्याची खात्री केली जाते. प्रतिकृतीच्या जोडणीत अशा खात्रीसाठी खर्च करण्याचे कोणालाच कारण नसते. एका खेपेतल्या मशीनला तेल दिलेले असते, दुसऱ्या खेपेत ते कोरडेच बसवलेले असते, आणि तबकडी, केस व काटे निरनिराळ्या ठिकाणांहून आल्याने एकाच नावाखालचे दोन नग दोन वेगळी घड्याळे ठरतात. महागडी प्रतिकृती घेतल्याने ही अनिश्चितता कमी होते, संपत नाही, कारण बिघाड झाल्यास ज्याच्या दारात जावे असा उत्पादक तिथेही नसतो.

१९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याच्या कलम १०३ व १०४ अन्वये खोटे चिन्ह लावणे आणि तसा माल विकणे या दोन्हींसाठी ६ महिने ते ३ वर्षे कैद व ५० हजार ते २ लाख रुपये दंडाची तरतूद आहे. ही शिक्षा नावाच्या चोरीची आहे. आत कोरडे मशीन किंवा घासणारा काटा सापडला म्हणून ग्राहकाला त्यातून काही परत मिळत नाही, आणि पावतीशिवाय घेतलेल्या मालाची दाद अन्यत्र मागणेही त्याला कठीण जाते. एचएमटीचा घड्याळ-विभाग बंद करण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१६ मध्ये घेतल्यापासून त्या नावाच्या जुन्या घड्याळांची मागणी वाढली आहे, आणि नव्या रंगाच्या तबकड्या लावलेली ‘जनता’ घड्याळेही त्याबरोबर बाजारात येत आहेत. जुने घड्याळ घेणाऱ्याने ते आधी माहितगार घड्याळजीकडे न्यावे, मागचे झाकण उघडून मशीनवर कोरलेले नाव व क्रमांक तबकडीशी जुळतात का ते पाहावे, आणि विक्रेता झाकण उघडू देत नसेल तर ते घड्याळ घेऊ नये.