वानाद्झोरचा डावखुरा

मेलबर्नच्या 1956 च्या ऑलिंपिकमध्ये येरेवानच्या व्लादिमिर येंगिबार्यानने मुष्टियुद्धाचं सुवर्णपदक जिंकलं. ते सोव्हिएत संघाच्या खात्यात जमा झालं आणि येंगिबार्यान पदक घेऊन मायदेशी परतला. त्यानंतर 44 वर्षांनी, त्याच ऑस्ट्रेलियात, सिडनी ऑलिंपिकसाठी वाख्तांग दार्चिन्यान उतरला. तो स्वतंत्र आर्मेनियाकडून खेळत होता. 51 किलो वजनगटात तो उपांत्यपूर्व फेरीत हरला. पदक मिळालं नाही, पण तो परतलाही नाही. सिडनीतच राहिला आणि चार वर्षांत विक दार्चिन्यान या नावाने फ्लायवेट गटाचा जगज्जेता झाला. पदक जिंकणारा हौशी राहिला आणि हरलेला धंद्यात शिरून जगज्जेता झाला, याचा उलगडा दोघांच्या अंगच्या गुणांवरून होत नाही. सोव्हिएत संघात 1980 च्या दशकाच्या अखेरीपर्यंत व्यावसायिक मुष्टियुद्धाला परवानगीच नव्हती, त्यामुळे येंगिबार्यानपुढे तो रस्ता कधी आलाच नाही. दार्चिन्यानपुढे तो आला, कारण मधल्या काळात ते राज्य उरलं नव्हतं. एका राज्याने पदकांसाठी उभी केलेली विद्या, ते राज्य कोसळल्यावर परमुलखातल्या बाजारात कशी उभी राहिली, हे त्याच्या कारकिर्दीत जितकं स्वच्छ दिसतं तितकं क्वचितच दुसरीकडे दिसेल.

ही कारकीर्द सहसा वेगळ्या तऱ्हेने सांगितली जाते. दार्चिन्यानचा जन्म 1976 चा, उत्तर आर्मेनियातल्या वानाद्झोरचा. रासायनिक कारखान्यांच्या या शहराचं तेव्हाचं नाव किरोवाकान. तो बारा वर्षांचा असताना, 7 डिसेंबर 1988 ला स्पिताकचा भूकंप झाला. सुमारे 25,000 माणसं गेली आणि शेजारच्या किरोवाकानलाही जबर तडाखा बसला. लगेच पुढच्या वर्षी मेत्सामोरचा अणुवीज प्रकल्प सुरक्षिततेच्या कारणावरून बंद झाला. मग स्वातंत्र्य, काराबाखचं युद्ध आणि नाकेबंदी. दिवसाला तास-दोन तास वीज आणि घरात गोठवणारी थंडी, असे हिवाळे त्या देशाने काढले. अशा मातीतून चिवट बॉक्सर निघणारच, असं मग म्हटलं जातं. हालअपेष्टा खऱ्या होत्या, पण त्या सगळ्यांच्याच वाट्याला आल्या होत्या. उपासमारीने माणूस काटक होईलही. पुढच्या पायावरचं वजन मागच्या पायावर नेमकं कधी न्यायचं, हे ती शिकवत नाही. ते शिकवलं सोव्हिएत क्रीडाशाळांनी. तिथे मुलाला पैसे भरावे लागत नसत आणि प्रशिक्षकाला सरकारी पगार असे. शहर, मग प्रजासत्ताक, मग संपूर्ण संघ अशी स्पर्धांची चढती शिडी होती. शाहू महाराजांच्या राजाश्रयाने कोल्हापुरात कुस्तीचं जे झालं, ते तिथे मुष्टियुद्धाचं झालं होतं. आश्रय आटला तरी आधी तयार झालेले खेळाडू आणि उस्ताद काही काळ पुरतात. 1993 च्या ऐन अंधारात न्शान मुंच्यानने टाम्पेरेच्या जागतिक हौशी स्पर्धेत 48 किलो गटाचं सुवर्ण आर्मेनियाला मिळवून दिलं. दोन वर्षांच्या नव्या देशाने, वीज नसताना, असा बॉक्सर घडवला असेल हे संभवत नाही. ती कमाई मागची होती.

यावर एक रास्त आक्षेप आहे. दार्चिन्यानला रिंगमध्ये पाहिलं तर तो कुठल्या शाळेतून शिकून आलेला वाटत नाही. डावखुरा, अंग मागे झुकलेलं, हनुवटी उघडी, आणि डावा हात कमरेजवळून अशा कोनातून यायचा की समोरच्याला तो ठोसा बसल्यावरच कळावा. सोव्हिएत पद्धतीचा बॉक्सर म्हटल्यावर सरळ, मोजका, अंतर राखून खेळणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. पण ती पद्धत ज्या खेळासाठी होती त्याचे नियम पाहायला हवेत. सिडनीत दोन-दोन मिनिटांच्या चार फेऱ्या होत्या आणि डोक्यावर शिरस्त्राण. पाचपैकी तीन पंचांनी एका सेकंदाच्या आत बटण दाबलं तरच गुण मिळे. ठोशाची ताकद तिथे मोजलीच जात नसे. धंद्यात विश्वविजेतेपदाची लढत तीन-तीन मिनिटांच्या बारा फेऱ्यांची, डोकं उघडं, आणि ताकदीलाच भाव. हा बदल घडवायला त्याला जेफ फेनेक भेटला. सिडनीच्या मॅरिकव्हिल या कामगारवस्तीशी ज्याचं नाव कायमचं जोडलं गेलं, तो तीन वजनगटांचा माजी जगज्जेता. फेनेक स्वतः दमछाक करणारा, सतत पुढे घुसणारा बॉक्सर होता आणि शिष्यालाही त्याने तेच दिलं. पण अंतराचा अंदाज, वेळेची जाण आणि दुसऱ्याच्या चुकीची वाट पाहणं हे वानाद्झोरहून आलेलं होतं. 16 डिसेंबर 2004 ला फ्लोरिडातल्या हॉलिवूड या गावी त्याने कोलंबियाच्या इरेने पाचेकोला अकराव्या फेरीत थांबवलं. पाचेको 1999 पासून विजेता होता आणि कधी हरला नव्हता. नुसत्या आडदांडपणावर असा माणूस अकरा फेऱ्यांत मोडत नाही.

धंद्याने त्याला खूप दिलं, आणि किंमतही दाखवली. मार्च 2007 मध्ये कॅलिफोर्नियातल्या कार्सन इथे मेक्सिकोच्या व्हिक्टर बुर्गोसशी झालेली लढत शेवटच्या फेरीत थांबवावी लागली. बुर्गोसच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता आणि तो कोमात गेला. त्याचा जीव वाचला. त्याच वर्षी 7 जुलैला नोनितो डोनेर समोर आला. त्याचा भाऊ ग्लेन याला दार्चिन्यानने आधीच्या वर्षी हरवलं होतं. पाचव्या फेरीत दार्चिन्यान नेहमीप्रमाणे डावा हात फेकत आत घुसला आणि डोनेरचा डावा हुक त्याच्या आधी पोचला. तो उठला, पण पाय ऐकेनात. दोरांकडे झोकांडला आणि पंचाने लढत संपवली. 28 लढतींनंतरची ती पहिली हार. अनेकांची कारकीर्द अशा एका ठोशात संपते. दार्चिन्यान तीन पौंड वरच्या गटात गेला आणि 1 नोव्हेंबर 2008 ला त्याच कार्सनमध्ये क्रिस्टियन मिहारेसला नवव्या फेरीत गारद करून तीन संघटनांचे पट्टे एकत्र केले. मिहारेस त्या काळातला अव्वल बचावपटू मानला जाई, आणि दार्चिन्यानने त्याला पहिल्याच फेरीत अपरकटने खाली पाडलं होतं. लढतीची जागाही योगायोगाने ठरलेली नव्हती. एवढ्या हलक्या वजनाच्या लढतींना अमेरिकेत गिऱ्हाईक कमी. ते मिळालं लॉस एंजेलिस आणि ग्लेनडेलच्या आर्मेनियन वस्तीमुळे, समोरच्या मेक्सिकन प्रेक्षकांमुळे आणि शोटाइम या दूरचित्रवाहिनीमुळे. जेमतेम 30 लाख लोकसंख्येच्या देशाकडे असा बाजार नव्हता. दार्चिन्यानच्या विश्वविजेतेपदाच्या बहुतेक लढती आर्मेनियाबाहेरच झाल्या.

मग हा ऑस्ट्रेलियाचा इतिहास झाला, आर्मेनियाचा नव्हे, असंही कोणी म्हणेल. येरेवानचा अवेतिक अब्राहम्यान जर्मनीत जाऊन आर्थर अब्राहम झाला, 2005 मध्ये मिडलवेटचा जगज्जेता झाला आणि पुढच्या वर्षी त्याने जर्मन नागरिकत्व घेतलं. तो किशोरवयातच गेला होता. बॉक्सिंगची सुरुवातही त्याने जर्मनीतच केली. येरेवानचीच सुसियाना केंतिक्यानही लहानपणी कुटुंबासोबत जर्मनीत आली आणि तिथेच जगज्जेती झाली. या दोघांमुळे माझ्या म्हणण्याला मर्यादा पडते हे मान्य केलं पाहिजे: सोव्हिएत शाळेवाचूनही आर्मेनियन जगज्जेता होऊ शकतो. परदेशी बाजारावाचून मात्र या तिघांपैकी कोणीच झालं नाही. आणि दार्चिन्यानपुरतं बोलायचं तर वानाद्झोरचा वाटा पुसता येत नाही. 2 ऑगस्ट 2008 ला त्याने अमेरिकेतल्या टॅकोमा इथे दिमित्री किरिलोव्हला हरवून सुपर फ्लायवेटचा पहिला पट्टा मिळवला. त्याच महिन्यात बीजिंगमध्ये ह्राचिक जावाख्यानने 60 किलो गटात कांस्यपदक जिंकलं. मुष्टियुद्धातलं ते स्वतंत्र आर्मेनियाचं पहिलं ऑलिंपिक पदक, आणि जावाख्यानही वानाद्झोरचाच. ऑस्ट्रेलियाने दार्चिन्यानला घडवलं असं म्हणताना जावाख्यानचा हिशेब कुठे मांडायचा?

वानाद्झोरच्या त्या शिदोरीने दार्चिन्यानला पुढेही बरीच वर्षं चालवलं. 2009 मध्ये होर्हे आर्सेशी त्याची लढत अकरा फेऱ्यांनंतर त्याच्या बाजूने थांबली. नंतर मात्र तो वजनाने चढत गेला: बँटमवेटला अग्बेको, मारेस, मोरेनो आणि टोकियोत यामानाका यांच्याकडून हरला, फेदरवेटला डोनेरशी पुन्हा भिडला आणि नवव्या फेरीत कोसळला. 112 पौंडांवर जगज्जेता झालेला माणूस अडतिसाव्या वर्षी मकाऊत 126 पौंडांच्या निकोलस वॉल्टर्ससमोर उभा राहिला आणि पाचव्या फेरीत संपला. गावाला परत बोलावणारी, प्रशिक्षक म्हणून पगार देणारी जुनी व्यवस्था त्याच्यासाठी उरली नव्हती. नावाला भाव होता तोवर बाजार बोलावत राहिला, आणि तो जात राहिला.