फेसचा उतार

सकाळी लवकर निघा. मोरोक्कोतल्या फेस शहराचं बाब बू जलूद हे दार बाहेरून निळं, आतून हिरवं. ते 1913 मधलं, म्हणजे या वाटेवरचं सर्वांत तरुण. कमानीखालून आत शिरलात की तलआ कबीरा ही गल्ली उताराला लागते. पावलांबरोबर शतकंही मागं उतरतात.

“बलाक! बलाक!” मागून आरोळी येते. अंग चोरून भिंतीला टेका. कातडी लादलेलं खेचर तुमच्या खांद्याला घासून पुढे जातं.

देवदाराचा वास आला, म्हणजे नज्जारीन, सुतारांचा चौक. समोरचा फुंदुक, म्हणजे व्यापाऱ्यांची सराई, 18 व्या शतकातला. 1998 पासून इथं लाकूडकामाचं संग्रहालय आहे. अंगणात उभं राहून वर पाहा, काचेची कपाटं विरून जातात. खाली खेचरांची ओझी उतरताहेत, वरच्या कठड्यांवरून परगावचे व्यापारी आपली गाठोडी मोजताहेत.

आणखी खाली अत्तारीन बाजार. ‘अत्तर’ ज्या अरबी घरातून आपल्याकडे आलं, त्याच घरातलं हे नाव. दालचिनी, सुंठ, गुलाबकळ्या. बाजूच्या मदरशाचं दार ढकला. साल 1325. एक कारागीर रंगीत फरशीचे नखाएवढे तुकडे पालथे मांडत बसलाय. नक्षी त्याला दिसत नाही. ती त्याच्या डोक्यात आहे.

पुढच्या दारातून फक्त डोकावा: करवीय्यीन, 859. कैरवानहून आलेल्या कुटुंबातल्या फातिमा अल-फिहरीनं वारशाच्या पैशातून ही मशीद उभारली, असं परंपरा सांगते. तीच पुढे विद्यापीठ झाली.

तिच्या ग्रंथालयाबाहेरच सफ्फारीन चौकात तांबट बसलेत. ठण् ठण् ठण्. इथं साल विचारू नका. पोरगा हातोडा उचलतो, उस्ताद फक्त मान हलवतो, पोरगा तोच ठोका पुन्हा मारतो. उस्तादाला इथं ‘मअल्लम’ म्हणतात, म्हणजे शिकवणारा. आपली ‘तालीम’ याच धातूतून घडली.

भिंतीपलीकडे ग्रंथांची विद्या, अलीकडे हाताची. या गावानं दोन्ही शेजारी ठेवल्या, हे फेसचं खरं मोठेपण. इथून भांडं जरूर घ्या, घासाघीसही करा. पण किंमत ठरवताना त्यातली तालीम धरायला विसरू नका.