अंगठ्याखालचा खळगा : मोटर न्यूरॉन आजाराच्या अभ्यासाची प्रस्तावना

दिवाळी सरली की ढाणकीच्या शिवारात कापसाची वेचणी भरात येते. बोंडातून कापूस ओढण्याचं काम अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं करतात. वेचणीची मजुरी किलोवर असते, त्यामुळे हाताचं बळ इथे रोज संध्याकाळी काट्यावर चढतं. इथल्याच एका मावशींचं गाठोडं एका हंगामात हलकं होत गेलं. दुखत काहीच नव्हतं. वय झालं, वात असेल, म्हणून तेल चोळून झालं. एका रात्री भांडी घासता घासता सुनेने त्यांचा हात उताणा धरून दिव्याखाली पाहिला. अंगठ्याखालची गादी बसून तिथे खळगा पडला होता, करंगळीकडची बाजू मात्र जशीच्या तशी भरलेली होती.

मज्जासंस्थेच्या तज्ज्ञांना ही खूण ओळखीची आहे. मोटर न्यूरॉन आजारात हाताचा अंगठ्याकडचा भाग आधी सुकतो, करंगळीकडचा मागाहून. सुनेला त्या खुणेचं नाव माहीत नव्हतं, पण तिने ती बरोबर टिपली होती. या अभ्यासाकडे नव्याने वळणाऱ्या डॉक्टर, परिचारिका, फिजिओथेरपीचे विद्यार्थी आणि आशाताईंचं स्वागत करताना मला आधी त्या सुनेचं स्वागत करायचं आहे. पुढची सगळी प्रकरणं तिच्या हाती पडावीत अशाच भाषेत लिहिली आहेत.

मेंदूचा हुकूम स्नायूपर्यंत दोन टप्प्यांत पोहोचतो. पहिली चेतापेशी मेंदूतून निघून मेरुरज्जूपर्यंत येते, दुसरी तिथून थेट स्नायूत शिरते. पहिली झिजली तर हातपाय ताठरतात. दुसरी झिजली तर मांस सुकतं आणि कातडीखाली आपोआप फडफडतं. या आजाराच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकारात, म्हणजे एएलएसमध्ये, दोन्ही एकदम झिजतात. पॅरिसच्या झाँ-मार्टिन शार्को यांनी १८६९ मध्ये या दुहेरी झिजेची संगती लावली. स्पर्श, ऐकणं, डोळ्यांची हालचाल बहुधा शाबूत राहते. काहींच्या स्वभावात आणि निर्णयशक्तीत बदल होतो, आणि घरच्यांना तो हातापायांच्या दुबळेपणापेक्षा जड जातो. आपल्याकडे या सगळ्याला सरसकट ‘लकवा’ म्हणतात. पण लकवा एका रात्रीत मारतो, हा आजार महिन्यामहिन्याने पुढे सरकतो. ठणका नाही, ताप नाही, म्हणून दवाखाना गाठायला उशीर होतो. कधी दोष मानेच्या मणक्याचा समजून शस्त्रक्रियाही होऊन जाते.

उलटही घडतं. सुकलेला प्रत्येक हात या आजाराचा नसतो. पंधरा ते पंचविशीतल्या मुलांचा एकच हात कोपराखाली बारीक होणं, हा केइझो हिरायामा यांनी १९५९ मध्ये जपानमध्ये वर्णन केलेला वेगळा विकार आहे. त्यात मान पुढे वाकल्यावर मेरुरज्जूवर दाब येतो. वेळीच ओळखला तर मानेच्या पट्ट्यावरही तो थोपवता येतो. अशा मुलाला ‘दोन-तीन वर्षं उरली’ असं सांगून घरी पाठवणं हा अन्याय आहे, आणि तो निव्वळ अभ्यासाने टळतो.

युरोपातल्या नोंदींनुसार लाख लोकसंख्येमागे वर्षाला सुमारे दोघांना हा आजार होतो. आपल्याकडची मोठी नोंद बंगळुरूच्या निम्हान्सची. २००८ मध्ये तिथल्या डॉक्टरांनी तीन दशकांतल्या १,१५३ रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. आजार सुरू होण्याचं सरासरी वय ४६ निघालं, पाश्चात्त्य देशांपेक्षा बरंच कमी. पण हे बंगळुरूपर्यंत पोहोचू शकलेले रुग्ण. ढाणकीहून यवतमाळ लांब पडतं, म्हणून माणूस पैनगंगा ओलांडून नांदेडला जातो. एक कागद इकडच्या दवाखान्यात राहतो, दुसरा तिकडच्या. अशा माणसाची नोंद कोणत्याच आकड्यात येत नाही.

नोंद नीट घेतली तर काय हाती लागतं याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. १९७१ मध्ये मुंबईत डोळे येण्याची मोठी साथ आली. त्यानंतर पायांतलं बळ गेलेले लोक रुग्णालयांत येऊ लागले. चित्र पोलिओसारखं, पण रुग्ण मोठ्या वयाचे. डॉ. नोशीर वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रुग्णांची मागची हकिकत विचारली, तेव्हा काही दिवस वा आठवडे आधी त्यांचे डोळे आले होते हे पुढे आलं. डोळ्यांच्या साथीतला विषाणू मेरुरज्जूतल्या चेतापेशींपर्यंत पोहोचू शकतो ही गोष्ट जगाला या कामातून कळली. त्या शोधाचं मूळ एका साध्या प्रश्नात होतं. हे व्हायच्या आधी काय झालं होतं?

दुसरा धागा विदर्भाच्या पूर्वेकडचा. भंडारा-गोंदियाकडे धान निघण्याआधी ओलीवर लाख फेकून पेरतात. पाऊस दगा देतो तेव्हाही ही डाळ तग धरते. दुष्काळात मात्र महिनोन्‌महिने ताटात तीच राहिली तर पाय ताठरतात, माणूस कात्रीसारखे पाय टाकत काठीवर येतो, आणि ते पाय पुन्हा मोकळे होत नाहीत. १९६१ मध्ये या डाळीच्या विक्रीवर बंदी आली. १९६४ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी त्यातलं विष वेगळं काढलं. ते ग्लुटामेट या मेंदूतल्या नैसर्गिक द्रव्यासारखं दिसतं आणि चेतापेशीला इतकं चेतवतं की ती मरते. मिश्र आहारात थोडी लाख खाल्ल्याने सहसा असं होत नाही. गरम पाण्यात भिजवून ते पाणी ओतून दिलं तर विष बरंच उतरतं. एएलएसवरचं पहिलं औषध रिल्युझोल हेही ग्लुटामेटचाच जोर आवरण्याच्या विचारातून आलं. गरिबाच्या ताटातला प्रश्न आणि प्रयोगशाळेतला प्रश्न इथे एका जागी येतात. या क्षेत्रातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट हीच.

फवारणीचा प्रश्नही असाच आपल्या दारातला. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसेक शेतकरी-शेतमजूर दगावले. ती तत्काळ चढलेली विषबाधा होती. वर्षानुवर्षांच्या संपर्काचा मोटर न्यूरॉन आजाराशी संबंध असावा असा संशय अनेक देशांतल्या अभ्यासांनी व्यक्त केला आहे, तो सिद्ध झालेला नाही. म्हणून रुग्णाच्या कागदावर त्याने काय फवारलं, किती वर्षं, तोंडाला काय बांधून, हे लिहिलं गेलं पाहिजे.

उपचारांबद्दल खरं तेच सांगते. १९९५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं रिल्युझोल आयुष्य साधारण दोन-तीन महिन्यांनी वाढवतं. २००६ मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या अभ्यासात, ज्यांचं गिळणं-बोलणं फार बिघडलेलं नव्हतं त्यांना श्वासाला आधार देणारं मास्कचं यंत्र लावल्यावर सुमारे सात महिने जास्त मिळाले. म्हणजे आपण ज्याला नुसती देखभाल म्हणतो, ती गोळीपेक्षा जास्त आयुष्य देऊ शकते. अर्थात रात्री वीज गेली तर यंत्र कशावर चालेल, याचा विचार आमच्याकडे यंत्र घेण्याआधीच करावा लागतो. १९९३ मध्ये सापडलेल्या एसओडी१ या जनुकाच्या दोषावर ३० वर्षांनी, २०२३ मध्ये, टोफर्सन हे औषध आलं. ते शंभरातल्या दोघांच्या कामाचं, तरी दार उघडलं आहे. स्टेम सेलच्या नावाने पैसे मागणाऱ्यांपासून मात्र सावध राहा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांखेरीज हा प्रयोग आहे, आणि प्रयोगासाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. त्यासाठी वावर विकू नका.

मावशींच्या घरी आम्ही जे शिकलो त्यातलं एक इथेच सांगते. वाचा गेली, डोळे चांगले होते. बाजारात मिळणारे अक्षरफलक इंग्रजी. सुनेच्या मुलाने शाळेच्या पुठ्ठ्यावर क, च, ट, त, प या पाच ओळी लिहिल्या, खाली य ते ज्ञ, बाजूला मात्रा. आपली वर्णमाला मुळात पाच-पाचांच्या ओळींत बसलेली आहे, तिचा इतका उपयोग होईल असं मला कधी सुचलं नव्हतं. आधी ओळ विचारायची, मग अक्षर. हो असेल तर डोळे मिटायचे. ‘पाणी’ म्हणजे पाचवी ओळ, पहिलं अक्षर, काना. तिसरी ओळ, पाचवं अक्षर, दुसरी वेलांटी. पहिल्या दिवशी मावशींनी बराच वेळ घेऊन एकच वाक्य जुळवलं : ढोरं पाजली का.

पहिलं प्रकरण चेतापेशीच्या रचनेचं आहे, विद्यार्थ्यांनी तिथून सुरुवात करावी. घरात रुग्ण असेल आणि पाण्याच्या घोटाला ठसका लागत असेल, तर आधी गिळण्याचं प्रकरण उघडा. पाणी पातळ असल्याने घशातून निसटतं, दाटसर पेज सोपी जाते; हनुवटी छातीकडे झुकवून घोट घ्यायला सांगा आणि जेवण झाल्यावर अर्धा तास बसतं ठेवा. वजन दर पंधरवड्याला वहीत लिहा. बाकीची पानं नंतर वाचली तरी चालतील.

— ढाणकी, ता. उमरखेड