देह सांभाळायचा कोणासाठी?



गुडघ्यांनी साथ सोडली आणि माझी पायी वारी थांबली. जन्मभर कीर्तनात उभा राहिलो, आता घरीच हरिपाठ करतो. वैद्यांनी सांगितलेली चार आसने आणि श्वासाचा अभ्यास रोज सकाळी करू लागलो, तेव्हा मनात शंका आली. देह नाशिवंत म्हणून आयुष्यभर लोकांना सांगितले, मग आता त्याच देहाचे एवढे लाड कशाला? या शंकेचे उत्तर मला आपल्या मावळातच सापडले. ते श्रोत्यांपुढे ठेवतो.

इंद्रायणीमाई लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या परिसरात उगम पावते. मावळातून वाहत ती देहूला येते, आळंदीला येते आणि तुळापूरला भीमेला मिळते. तिच्या उगमाकडच्या या मुलखात १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम आश्रम स्थापन केला. त्यांचे पूर्वाश्रमीचे नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म १८८३ चा, डभोईचा. बडोद्याला प्रोफेसर माणिकरावांच्या आखाड्यात त्यांनी शरीर कमावले, अमळनेरला शिक्षकी केली. पुढे नर्मदाकाठी मालसरला परमहंस माधवदास महाराजांच्या चरणी बसून त्यांनी योगविद्या घेतली.

त्या काळी योग म्हणजे गुरूने शिष्याच्या कानात सांगायची गोष्ट. संसारी माणसाला त्याची भीती वाटे. कुवलयानंदांनी ती विद्या उजेडात आणली. १९२०-२१ च्या सुमारास बडोद्याच्या रुग्णालयात त्यांनी उड्डियान आणि नौली या क्रियांची क्ष-किरणांनी तपासणी केली. नौली करताना पोटात पोकळी निर्माण होते, हे त्यांना आढळले. त्या पोकळीला त्यांनी स्वतःचे नाव दिले नाही, गुरूंचे दिले. आश्रमासोबतच त्यांनी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू केले आणि प्रयोगांत जे आढळले ते जगापुढे मांडले. आजाऱ्यांसाठी योगोपचार सुरू केले. आणि ‘यौगिक संघ व्यायाम’ लिहून पुष्कळांनी मिळून करायचा अभ्यास आखून दिला.

हा ‘संघ’ शब्द वाचला आणि मला दिंडी आठवली. एकट्याने पंढरीची वाट अवघड जाते. टाळकऱ्यांच्या ओळीत पाऊल पडू लागले की थकलेला पायही उचलतो. ज्याचे पाय धड आहेत, तो मागे राहिलेल्याची पिशवी खांद्यावर घेतो. निरोगी देहाचा उपयोग तो हाच.

कोणी म्हणेल, आपला मार्ग नामाचा, योगाशी आपले काय काम? पण माउलींच्या घरी योग परका नव्हता. गहिनीनाथांकडून निवृत्तिनाथांना आणि निवृत्तिनाथांकडून माउलींना नाथपंथाचा उपदेश मिळाला. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीचे वर्णन विस्ताराने आले आहे. तरी १२९० साली ग्रंथाची सांगता करताना माउलींनी पसायदान मागितले, त्यात स्वतःसाठी एकही सिद्धी मागितली नाही. मागितले ते सकळ जीवांसाठी.

तुकोबारायांचेही तसेच. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळाने त्यांचे घर उद्ध्वस्त केले. मन शांत करायला ते भंडारा डोंगरावर बसले. पण ते तिथेच राहिले नाहीत. खाली उतरले, लोकांत आले, कीर्तनाला उभे राहिले. सावकारीतील आपल्या वाट्याचे कर्जाचे कागद त्यांनी इंद्रायणीत बुडवले, असे परंपरा सांगते. त्या एका कृतीने किती कुळांची झोप परत आली असेल! डोंगरावर मिळालेली शांती त्यांनी गावात वाटली. कुवलयानंदांनीही मालसरला मिळालेले लोणावळ्यात वाटले. दोघांची वाट निराळी, पण देण्याची रीत एक.

आज लोणावळ्यात हवापालटाला, तब्येत सुधारायला पुष्कळ माणसे येतात. यावे, मोकळा श्वास घ्यावा. पण तीच इंद्रायणी खाली कारखान्यांचे आणि वस्त्यांचे सांडपाणी पोटात घेते. अलीकडे आळंदीत तिच्यावर पांढरा फेस तरंगताना आपण सर्वांनी पाहिला आहे. माउलींच्या दाराशी वारकरी ते पाणी ओंजळीत घेतो तेव्हा त्याचा हात थबकतो. उगमापाशी एकाने छाती भरून श्वास घ्यावा आणि खाली दुसऱ्याने स्नानाला भ्यावे, याला आरोग्य कसे म्हणावे? नदी आजारी आणि काठचा माणूस निरोगी, असे फार दिवस चालत नाही.

म्हणून माझ्या शंकेचे उत्तर मला असे मिळाले. देह नाशिवंत आहे हे खरेच, पण जोवर तो आहे तोवर तो विठोबाच्या माणसांच्या कामाचा असावा. आसनांनी गुडघे थोडे सैल झाले आहेत. पंढरी आता झेपणार नाही. पण गल्लीतल्या मुलांना घेऊन संध्याकाळी पाउली शिकवण्याइतके बळ आले आहे. आठ-दहा मुले येतात. आधी आम्ही श्वासाचा अभ्यास करतो, मग टाळ हातात घेतो. एकादशीला घाटावरचे निर्माल्य आणि प्लास्टिक गोळा करतो. काम लहान आहे. पण मुले आता नदीकडे पाठ करून बसत नाहीत, आणि माझी आशा तेवढ्यावर टिकून आहे.

माउली, सकाळी आपल्या देहासाठी जेवढा वेळ काढाल, त्यातला थोडा शेजाऱ्यासाठी आणि थोडा इंद्रायणीमाईसाठी राखून ठेवा. तीही वारीच आहे.

रामकृष्णहरि!