पिमा समाजातील लठ्ठपणा
अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात हिला नदीकाठी राहणाऱ्या पिमा या मूलनिवासी समाजात प्रौढांमधील लठ्ठपणाचे प्रमाण फार मोठे आहे. शरीर वस्तुमान निर्देशांक (बीएमआय) ३० किंवा त्याहून अधिक असल्यास लठ्ठपणा मानतात. १९६५ पासून येथे मधुमेह व लठ्ठपणाचा दीर्घकालीन अभ्यास झाला.

कारणे : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वसाहतकऱ्यांनी नदीचे पाणी वरच्या भागातच वळवल्याने पिमांची कालव्यांवरील शेती कोलमडली. मका, घेवडा यांची जागा पुढे मैदा, साखर व चरबीयुक्त शिध्याने घेतली आणि अंगमेहनत घटली. चयापचयाचा मंद वेग व गरोदरपणी आईला असलेला मधुमेह हेही धोक्याचे घटक ठरले.

तुलना : मेक्सिकोतील सोनोरा प्रांताच्या डोंगराळ भागात राहणारे पिमा आनुवंशिकदृष्ट्या त्यांचे निकटचे आप्त आहेत, मात्र ते कष्टाची शेती करतात. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तेथे सुमारे ७% पुरुष व २०% स्त्रिया लठ्ठ होत्या. ॲरिझोनात हेच प्रमाण अनुक्रमे सुमारे ६४% व ७५% होते. मधुमेहाचे प्रमाण मेक्सिकोत सुमारे ७%, तर ॲरिझोनात ३८% आढळले. आनुवंशिक प्रवृत्ती असली, तरी लठ्ठपणाचा प्रसार मुख्यतः जीवनशैलीवर अवलंबून असतो, असा निष्कर्ष यावरून काढला जातो.