दोन अज्ञात आणि बांबूचा हिशेब

‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’ हा दहावीच्या बीजगणिताचा पहिलाच धडा. अनेकांना तो नकोसा वाटतो. पण ही रीत आपल्याकडे फार जुनी आहे. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी ‘बीजगणित’ लिहिलं, त्यात दोन माणसांच्या पैशांचं एक उदाहरण आहे. पहिल्याला दुसऱ्याकडून १०० मिळाले, तर तो दुसऱ्याच्या दुप्पट श्रीमंत. दुसऱ्याला पहिल्याकडून १० मिळाले, तर तो पहिल्याच्या सहापट. कोणाकडे किती?

आपण क्ष आणि य मांडतो. भास्कराचार्य पहिल्या अज्ञाताला यावत्तावत् म्हणतात आणि पुढच्यांना रंगांची नावं देतात: कालक, नीलक, पीतक. (मला तर क्ष-यपेक्षा हेच बरं वाटतं.) नुसतं पहिलं वाक्य घेतलं, तर ४० आणि १७० चालतात, ६० आणि १८० चालतात, १०० आणि २०० सुद्धा. दुसरं वाक्य आल्यावर ४० आणि १७० एवढीच जोडी उरते.

आता गडचिरोलीच्या जंगलात येऊ. बांबूतोडणीची मजुरी मालावर मिळते. लांब बांबूचा दर वेगळा, बंडलाचा वेगळा. समजा, एका घराला १० लांब बांबू आणि ५ बंडलांचे २५० रुपये मिळाले, पण दर कोणी सांगितलेच नाहीत. एवढ्यावरून दर निघत नाहीत. शेजारच्या घराला १० लांब बांबू आणि ८ बंडलांचे ३१० मिळाले. म्हणजे ३ जास्तीच्या बंडलांचे ६०, एकाचे २०, आणि लांब बांबूचे १५. दोघींनी ओट्यावर बसून चिठ्ठ्या ताडून पाहिल्या की झालं, शाळेची गरज नाही. मात्र प्रत्येकाच्या मजुरीतून एकसारखी कपात होत असेल, तर तिसरं अज्ञात आलं. मग तिसऱ्या घराची चिठ्ठी हवी, आणि तिच्यात लांब बांबूंचा आकडा वेगळा हवा.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावानं वेगळी वाट धरली. २००६ च्या वनहक्क कायद्यानं बांबू गौण वनोपज ठरला आणि २००९ मध्ये गावाला १,८०० हेक्टरांहून अधिक जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी वाहतूक पासांवाचून बांबू विकता येईना. २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन पासांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. तोडणी, विक्री आणि हिशेबाची वही, सगळं ग्रामसभेकडे आलं.